न घेतलेलं नाव

या मायबापहो, असे जवळ येऊन बसा. त्या खांबाला टेकलेल्या काकांनाही पुढं घ्या. मागं राहिलं की डोळा लागतो, आणि आजची गोष्ट पेंगत ऐकण्यासारखी नाही. पोथीपुराणातली नाही ती. आपल्याच शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत घडलेली आहे, आणि एवढ्याशा एका शब्दाची आहे. तो शब्द तुमच्या-आमच्या तोंडी उठता-बसता येतो. एका बाईच्या तोंडी मात्र तो येईना, तेव्हा तो गेला कुठं हे शोधायला शिकलीसवरली माणसं एका छपराखाली जमली. त्यांना काय सापडलं ते सांगतो. ऐका.

डोळखांबच्या वरच्या अंगाला, जिथं डोंगर सडकेला पुढं जाऊ देत नाही, तिथल्या एका पाड्यावर पखवाजी राहतो. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते रेशनच्या दुकानात आणि मतदानाच्या दिवशी लागेल तेवढंच, बाकी दिवस त्याच्याही ध्यानात नसतं. एरवी थोरापोरांपासून सगळी पंचक्रोशी त्याला पखवाजी म्हणते. किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंत कुठंही सप्ता बसला, की याला बोलावणं ठरलेलं. कीर्तनकार कुणीही येवो, पखवाजावर हाच. डाव्या पुडीला कणीक लावून, एक थाप मारून, कान लावून त्यानं मान हलवली की नवख्या बुवांनाही धीर यायचा. गळा मात्र देवानं दिला नाही. तो गायला लागला की टाळकरी एकमेकांकडं बघून हसत, आणि तोही हसत असे. "माजा गळा हातात हाय," म्हणायचा.

गळा होता तो त्याच्या बायकोला, धोंडीबाईला. पखवाज जिथं जाईल तिथं तीही जायची. तो पुढं वीणेकऱ्याशेजारी, ती मागं बायकांच्या घोळक्यात. शे-दोनशे माणसांच्या गजरात एकटीचा आवाज कोण ओळखणार? पण घरी आली की भात कांडताना, भाकऱ्या थापताना ती ते सगळं परत म्हणायची. बुवांच्या हातवाऱ्यांसकट. देवाला तिचं एक लाडकं नाव होतं, सावळा. 'सावळ्यानं औंदा नाचणी बरी दिली.' 'सावळ्याच्या मनात आसंल तं व्हईल.' पखवाज्याला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. ज्याची त्याची भक्ती.

गेल्या साली लावणी आटपली आणि धोंडीबाईच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी चुलीपुढं बसलेली बाई एका कुशीवर कलंडली. लेक राही आणि जावई धावत आले, आधी शहापूर, मग कल्याण. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, याला वाचाघात म्हणतात. ऐकलेलं बरंचसं कळतं, मनातही असतं, पण तोंडापर्यंत येता येता शब्द वाट चुकतो. तसंच झालं. तिला पाणी हवं असायचं आणि तोंडातून यायचं 'टोपली'. मग स्वतःचंच बोलणं ऐकून ती कपाळावर डावा हात मारून घ्यायची.

दवाखान्यात डॉक्टरांनी पखवाज्याकडं बोट करून तिला विचारलं होतं, "आजी, हे कोण?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. आणि म्हणाली, "आयो."

आई! डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडं गेले. राही म्हणाली, "बाबा, मनावर घेऊ नका. ती मला पण रेडा म्हनली." सगळे हसले. पखवाजीही हसला. पण त्या दिवसापासून एक काटा त्याच्या काळजात शिरला तो शिरलाच. संसार झाला, लेकरं झाली, नातवंडं झाली. आता ही रोज आपल्या हातचा घास खाते, आपल्याला 'आयो' म्हणते. आपण हिच्या डोक्यात उरलो आहोत का? का घरातलं कुणीतरी भलं माणूस भरवतंय, एवढंच हिला कळतं?

विचारायचं कुणाला? जिला विचारायचं तिलाच सांगता येत नव्हतं.

आता देवाची करणी बघा. एक दिवस शेजारची सकुबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. काम करता करता ती गुणगुणू लागली. आपल्या भागातल्या कुणा जुन्या बुवांनी रचलेलं, खळ्यावर म्हणायचं पद आहे ते:

पीतांबर खोचुनी आला, भात झोडिते माउली ।
विठू माझा खळ्यावरी, उभा पेंढ्याच्या साउली ॥

आणि आतून आवाज आला. जिला पाणी म्हणता येत नव्हतं ती धोंडीबाई गात होती! 'पीतांबर खोचुनी आला', असं स्वच्छ, सुरात. सकुबाईच्या मांडीवरचे वाल अंगणभर झाले. पाडा गोळा झाला. पखवाजी धावत आला आणि उंबऱ्यातच खाली बसला.

पण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं, की मधला एक शब्द येत नाही. पहिली ओळ पुरी व्हायची. दुसरी सुरू व्हायच्या जागी ती गप्प, आणि मग 'माझा खळ्यावरी'. दुसरं पद घेऊन पाहिलं, तिसरं पाहिलं. जिथं जिथं विठू, तिथं तिथं ओठ बंद.

सकुबाई मनानं वाईट नव्हती, पण जिभेला आवर नव्हता. "काय गो बाई," ती म्हणाली, "पीतांबर राह्यला, पेंढा राह्यला, आन देवाचंच नाव तेवडं पुसलं? एवडी भजनं केलीन, ती गेली कुटं?"

पखवाजी उठला. आत जाऊन त्यानं पखवाज गवसणीत घातला. त्यानंतरच्या सप्त्याला बोलावणं आलं तेव्हा हात दुखतो म्हणून सांगितलं. नवरा विसरली ते एकवेळ त्यानं सोसलं असतं. पण देवानं स्वतःचं नाव तिच्या तोंडून काढून घेतलं, हे कसलं फळ म्हणायचं?

पखवाज्याचा धाकटा भाऊ कमळाकर आसनगावला घर करून राहिलेला. त्याची मुलगी दिशा. मुंबईला विद्यापीठात ती भाषेचा अभ्यास करते. इंग्रजी-संस्कृत शिकते असं नव्हे, तर माणसाच्या मनात भाषा राहते कशी, वाक्य घडतं कसं, शब्द सापडतो कसा, हे शोधते. काकी गाते हे कळल्यावर ती आली, आणि मग सुट्टी मिळेल तेव्हा येतच राहिली. काकांना विचारलं, काकीपुढं बसून तिलाही खुणांनी समजावलं, काकीनं मान हलवली, तेव्हाच तिनं छोटा माइक काकीच्या पदराला अडकवला. काकीचं गाणं ती टिपून घ्यायची आणि संगणकावर त्या आवाजाच्या रेघा बघत बसायची.

"हे उलटंच आहे काका," एकदा ती म्हणाली. "आमच्या शास्त्रात मानतात, की जो शब्द जास्त वापरात असतो तो शेवटी जातो. इथं तो पहिला गेलाय. पीतांबर काय रोज म्हणते का ती? पण तो येतो."

"मंग याचा अर्थ काय, पोरी?"

"तेच तर शोधतेय. यावरच निबंध लिहिलाय मी."

तो निबंध स्वीकारला गेला. वैशाखऱ्याला, माळशेजच्या रस्त्यालगतच्या एका पर्यटक निवासात भाषा आणि मन या विषयाची परिषद भरणार होती. पुण्याचे, हैदराबादचे, दिल्लीचे लोक येणार होते. दिशानं घरी सांगितलं तेव्हा पखवाजी चुलीजवळ बसला होता. निखारे सारखे करत तो म्हणाला, "मी पन येतो."

"काका, तिथं कंटाळाल तुमी. अर्धं बोलणं इंग्रजीत असतं."

"आसूं दे. डोक्यातल्या भाषेची जानकार मानसं येनार म्हनतेस ना? मला एक विचारायचं हाय त्यान्ला."

"काय?"

त्यानं आत झोपलेल्या धोंडीबाईकडं पाहिलं. "मी तिच्या डोक्यात हाय का नाय."

दिशानं मग नको म्हटलं नाही. काकीजवळ राही येऊन राहिली, आणि काका-पुतणी जीपनं किन्हवली, सरळगाव करत वैशाखऱ्याला पोचली. खळी रिकामी झाली होती, शेतांत वाल फुलला होता. काकांनी लग्नातला कोट घातला होता आणि डोक्याला पांढरी टोपी.

परिषद म्हणजे काय, तर कीर्तनासारखंच, पण उभं राहणाऱ्याला साथ नाही. एकटा उभा राहतो, भिंतीवर चित्रं पाडतो, बोलतो. मग बाकीचे हात वर करून त्याला धारेवर धरतात. पखवाजी मागच्या खुर्चीत बसून सगळं बघत होता. एका तरुण माणसानं भिंतीवर झाड काढलं. वाक्य म्हणजे असं झाड असतं, वर एक बुंधा, खाली फुटत गेलेल्या फांद्या.

"दिशे," पखवाजी हळूच म्हणाला, "ह्यानं झाड उलटं लावलान."

"सगळे तसंच काढतात, काका."

"मंग पानी कुटून घालतात?"

पुढच्या रांगेत एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांना ते ऐकू गेलं. त्या मागं वळून एवढं गोड हसल्या, की पखवाज्याला लाजल्यासारखं झालं. "बरोबर विचारलंत," त्या म्हणाल्या. "आम्हीही तेच शोधतो आहोत." त्या वत्सलाबाई, पुण्याच्या. दिशा कानात म्हणाली, "काका, या फार मोठ्या आहेत. माझ्या निबंधावर त्याच बोलणार आहेत. मला त्यांचीच भीती वाटतेय."

जेवणानंतर दिशाची पाळी आली. तिनं मराठीतच बोलायचं ठरवलं होतं. रुग्ण कोण, गाव कोणतं, यातलं काही तिनं सांगितलं नाही, तशी त्यांची रीतच असते. एक साठीच्या बाई, एवढंच म्हणाली. आणि तिनं आवाज लावला.

पखवाज्याच्या अंगावर काटा आला. भरल्या सभागृहात, चार कोपऱ्यांतून त्याची बायको गात होती. चुलीचा धूर नाही, अंगण नाही, नुसता तिचा आवाज. जन्मभर तो तिच्यापुढं बसून वाजवत आला, पण ती गर्दीत आणि तो गजरात. असा एकटा तिचा आवाज त्यानं देवळात कधी ऐकलाच नव्हता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी ती जागा आली, रिकामी, आणि आवाज पुढं गेला. त्यानं डोळे पुसले. ते तसेच मिटले. सकाळचा प्रवास, पोटभर जेवण आणि पंख्याचा वारा, पखवाज्याला डुलकी लागली.

दिशा सांगत होती, की सगळ्यांत घोटलेला शब्दच इथं नाहीसा झाला आहे, म्हणजे गाण्यातले शब्द मनात आपण समजतो तसे साठवलेले नसावेत. लोक लिहून घेत होते. ती थांबली तेव्हा टाळ्या झाल्या. मग वत्सलाबाई उठल्या. हातात माइक घेतला.

"दिशा, काम सुंदर आहे. मला एकच शंका आहे. शब्द सापडत नाही तेव्हा माणूस काय करतो? अडखळतो. त्याच्या आधीचा शब्द लांबवतो, अं-अं करतो, ताल चुकतो. तुझ्या या बाई दुसरीकडं तसं करतात का?"

"हो," दिशा म्हणाली. "बोलताना तर फारच. गाताना एखादं वेळी 'झोडिते'वर अडखळतात, तेव्हा ताल जातो."

"आणि या जागी?"

दिशानं भिंतीवरच्या रेघांकडं पाहिलं. तिनं त्या किती वेळा पाहिल्या असतील. आज ती त्यांच्याकडं नव्यानं पाहत राहिली. "या जागी... ताल जात नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. बरोबर तेवढीच जागा सोडून पुढचा शब्द वेळेवर येतो."

"म्हणजे ही जागा सुटलेली नाही गं. सोडलेली आहे." वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या. "शब्द हरवला असता तर त्यांनी तो शोधला असता. त्या शोधतच नाहीत. मग मला सांग, हा विठू गेला कुठं?"

माइकवरून नाव पुकारलं गेलं. रांगेनं मांडलेल्या खुर्च्या, पंखे, पांढऱ्या भिंती. डुलकीतल्या पखवाज्याला वाटलं, कल्याणच्या दवाखान्यात आपला नंबर आला. तो टोपी सावरत ताडकन उभा राहिला.

"हाय जी! हितं मागं हाय!"

सगळं सभागृह हसायला लागलं. वत्सलाबाईही हसल्या. पखवाजी गोंधळून चारी बाजूंना पाहू लागला, मग आपली चूक उमगून खाली बसला. "माफी करा जी," म्हणाला. "नाव घेतल्यावानी झालं."

हसत नव्हती ती एकटी दिशा. ती काकांकडं पाहत होती. जन्मल्यापासून ती या माणसाला काका म्हणत आली. गाव पखवाजी म्हणतं. काका हे एक माणूस आणि विठू हा एक शब्द, ही दोन तिच्या मनाच्या दोन वेगळ्या फडताळांत पडली होती, आणि त्यांची कधी गाठच पडली नव्हती. तिच्या घरी आई तर बाबांना 'अरे कमळाकर' म्हणून हाक मारायची.

"बाई," ती माइकजवळ येऊन म्हणाली. "रुग्णाचं नाव सांगायचं नसतं. पण ते मागं बसलेत, त्यांची परवानगी असेल तर..." तिनं काकांकडं पाहिलं. काय विचारतेय ते न कळताच पखवाज्यानं मान हलवली. "ते माझे काका. त्या बाई माझ्या काकी. काकांचं नाव विठू. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. एखाद्या उखाण्यात, तेवढंच."

हसू जिथल्या तिथं थांबलं.

कोपऱ्यातून एक गृहस्थ म्हणाले, "मग यात वाचाघाताचा प्रश्नच उरला नाही. ही रूढी झाली. तुमचा निष्कर्ष पडला."

"हो," दिशा म्हणाली. "पडला. मी लिहिलं ते चुकलं. शब्द गेलेला नाहीच."

"अगं, थांब," वत्सलाबाई अजून उभ्याच होत्या. आता त्यांचा आवाज शिक्षिकेचा राहिला नव्हता. "निष्कर्ष पडू दे. पण हे बघ. पूर्वी धडधाकट असताना त्या या जागी काय म्हणायच्या?"

दिशाला आठवेना. तिनं काकांकडं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

पखवाजी अवघडून म्हणाला, "घरी गायची तवा सावळा म्हनायची जी. सावळा माजा खळ्यावरी."

"म्हणजे बदली शब्द घालायच्या. आजारानं तो बदली शब्द नेला. पण टाळायचं काय, ते नेता आलं नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "एवढं सगळं मोडलंय त्या मनात, तरी दर वेळी ते नाव येण्याच्या आधी ओठ मिटतात. वेळेवर. जो शब्द मनात नाही तो टाळता येत नाही, दिशा. टाळायला आधी तो आठवावा लागतो."

पखवाज्याला यातलं निम्मं कळलं, निम्मं नाही. कळलं एवढंच, की पुतणीचं काही चुकलं आणि आपल्या नावावरून चुकलं. तो बाहेर येऊन आंब्याच्या पारावर बसला. समोर माळशेजचा कडा उन्हात लख्ख दिसत होता. दिशा आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"माज्यामुळं तुजं काम बिघडलं, पोरी."

"काम होईल परत. काका, तुमाला एक विचारायचं होतं ना इथल्या माणसांना?"

"आता नको. हसले समदे."

"त्याचं उत्तर मिळालंय."

तो तिच्याकडं पाहू लागला. दिशानं शास्त्रातले शब्द बाजूला ठेवले आणि पाड्यावरच्या बोलीत सांगितलं. "काकी देवाचं नाव विसरली नाय. घेत नाय. का घेत नाय? कारण ते तुमचं नाव हाय. नुसतं देवाचं आसतं तं कवाच म्हनली आसती. पीतांबर म्हनते तसंच म्हनली आसती. तुमी तिचे मालक हाव, हे तिच्या मनात पक्कं हाय, म्हनूनच ओठ मिटतात. तुमाला आयो म्हनते ना, ती तोंडाची चूक. आत तुमी जिथल्या तिथं हाव."

खालून एस.टी. घाट चढत होती, तिचा आवाज येत राहिला, मग तो वळणाआड गेला.

"खरं सांगतेस? मला बरं वाटावं म्हनून नाय ना?"

"काका, मी आत्ताच सगळ्यांसमोर माझं चुकलं म्हणून आलेय. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

मग त्यानं गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि तो रडला. मोठ्यानं नाही. खांदे हलत होते तेवढंच. दिशानं पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, सुखाचं रडणं आहे, रडू द्यावं. पण त्यानं डोकं वर केलं तेव्हा चेहऱ्यावर सुख नव्हतं.

"म्हंजे लगीन होऊन आली तवापासून," तो म्हणाला, "माज्यापायी तिनं देवाचं नाव घेतलं नाय?"

दिशाचा हात त्याच्या पाठीवरच राहिला.

"मी पुडं बसून वाजवत व्हतो गो. समदे नाव घेऊन नाचत व्हते. आन ही मागं त्या नावावर गप ऱ्हायची. एवडी वर्सं. माज्या बापानं काय म्हनून ह्ये नाव ठेवलं माजं?"

दोघं परतीच्या जीपमध्ये बसली. मायबापहो, या ठिकाणी जरा थांबू. आपण म्हणतो, नामाची गोडी, नामाचा महिमा. बुवा तासतासभर सांगतात, आपण माना डोलवतो. पण जिच्या नवऱ्याचं नावच देवाचं, तिनं काय करायचं? तिला कुणी विचारलं का कधी? ओठांपर्यंत आलेला देव माघारी धाडायचा, आणि तोही निष्ठेनंच. तिची निष्ठा कुणाच्या पारड्यात टाकायची, हे तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या तर तोंडाला कुलूप लागतं.

पखवाजी घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. राही अंगण झाडत होती. धोंडीबाई ओट्यावर बसली होती. त्याला बघून म्हणाली, "आयो."

तो कोट न काढताच तिच्यापुढं खाली बसला.

"आईक," तो म्हणाला. "मला समजलं समदं. तू इसरली नायस. आता माजी मोकळीक हाय तुला. देवाचं नाव घे. विठू म्हन. एकदा म्हन, माज्यादेखत."

राहीचा झाडू थांबला. धोंडीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिला किती कळलं, किती नाही, कोण सांगणार? पण तिनं जीभ दातांखाली चावली. पोरीबाळी भलतंच काही ऐकल्यावर चावतात तशी. डाव्या हातानं पदर डोक्यावरून पुढं ओढला, मान खाली घातली, आणि अर्ध्या चेहऱ्यावर जेवढं मावेल तेवढं हसू आलं. मान डावीकडून उजवीकडं हलली. नाही म्हणजे नाही.

"बाबा," राही म्हणाली, "ती लाजली!"

नवी नवरी लाजावी तशी लाजली होती ती. पखवाजी तिच्याकडं बघतच राहिला. मग हळूहळू त्याला समजलं, की मोकळीक देणारा आपण कोण? ते नाव तिनं आपल्या धाकानं सोडलेलं नाही. ते तिनं ठेवलं आहे, तिच्याजवळ, तिच्या रीतीनं. काढून दे म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

"बरं," तो म्हणाला. "नको घेऊस. तुज्या वाटचं मी घेतो."

त्यानं आत जाऊन पखवाज आणला. गवसणी सोडली. कणीक भिजवायला राहीला सांगितलं. आणि त्या संध्याकाळी, ज्याच्या गळ्याला आयुष्यभर सगळे हसले तो माणूस बायकोपुढं बसून गायला. ती म्हणायची, 'पीतांबर खोचुनी आला, भात झोडिते माउली'. तिचे ओठ मिटायचे, तो आपल्या फाटक्या आवाजात म्हणायचा, 'विठू', आणि ती पुढं घ्यायची, 'माझा खळ्यावरी'. सकुबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं तिनं. मग तिथंच मातीत बसली आणि टाळी धरली.

धोंडीबाई अजून आहे. बोलणं फारसं सुधारलं नाही. दिशानं निबंध नव्यानं लिहिला, त्याचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की दर एकादशीला त्या ओट्यावर एक पद दोन तोंडांनी पुरं होतं.

आता तुम्ही आपापल्या घरी जाल. तुमच्याही गावी सप्ता बसेल, गजर होईल, हजार मुखांतून ते नाव उठेल. तेव्हा एक करा. गजराच्या भरात क्षणभर गप्प राहून मागं बायकांत नजर टाका. एखाद्या म्हातारीचे ओठ नेमके त्या नावावर मिटलेले दिसतील. तिला विसराळू म्हणू नका, अभागी म्हणू नका. तिथल्या तिथं हात जोडा, आणि आमच्या डोळखांबच्या धोंडीबाईची आठवण ठेवा.